जपानमधले शेवटचे चार दिवस : हिरोशिमा, ओकायामा आणि आपली सिंहगड रस्त्यावरची बाग

मुठाकाठ

आमच्या जपानीच्या क्लासची सहल मे महिन्याच्या अखेरीस जाऊन आली. २२ मुलंमुली, वय १८ ते २३. बरोबर सेन्सेई (म्हणजे आमचे शिक्षक), त्यांचा एक जुना विद्यार्थी आणि मी. मी स्वतः एन-४ (जपानीच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) झाल्यावर शिकणं थांबवलं, त्यामुळे माझ्याकडे हिशेब, औषधं, खाऊचे डबे आणि दर स्टेशनवर डोकी मोजणं एवढी कामं होती. सहल बारा दिवसांची. तोक्यो, हाकोने, क्योतो यांवर इथे आधीच भरपूर लिहिलं गेलंय, त्यात मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते शेवटच्या चार दिवसांबद्दल, कारण तरुण मुलांची सहल आखणारे बहुतेक लोक (आम्हीसुद्धा, सुरुवातीला) या दिवसांचा विचारच करत नाहीत.

आमच्या पहिल्या आराखड्यात शेवटचे दोन दिवस ओसाकाला 'खरेदी व मोकळा वेळ' असे होते. सेन्सेईंनी ते कापले आणि तिथे हिरोशिमा आणि ओकायामा घातलं. पालकसभेत यावर बराच वाद झाला. 'ओकायामात काय आहे?' हा प्रश्न तीन जणांनी विचारला. सेन्सेईंचं म्हणणं एवढंच होतं, की नवव्या दिवसापर्यंत मुलं दमलेली असतात, पैसे संपत आलेले असतात, घरचं जेवण आठवायला लागलेलं असतं आणि बारीकसारीक रुसवे साठलेले असतात. अशा वेळी त्यांना मॉलमध्ये मोकळं सोडलं तर ग्रुप फुटतो. त्यांना एकत्र काहीतरी करायला, बघायला द्यायचं. तेव्हा मला ते जरा कडक वाटलं होतं.

नववा दिवस, हिरोशिमा. मुलांनी दोन महिने क्लास सुटल्यावर बसून कागदाचे हजार करकोचे केले होते, जुन्या वह्यांच्या आणि कॅलेंडरच्या पानांचे. त्यांच्या माळा ओवून एका सॅकमध्ये घालून आणल्या होत्या. सादाको सासाकी ही दोन वर्षांची असताना बाँब पडला, पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला, बरं व्हावं म्हणून ती कागदाचे करकोचे करत राहिली आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला, बाराव्या वर्षी ती गेली. तिच्या वर्गातल्या मुलांनी सुरुवात केली, देशभरातल्या शाळांनी पैसे जमवले आणि १९५८ साली मुलांचं शांतिस्मारक उभं राहिलं. हे सगळं आमच्या मुलांना पाठ होतं. पण तिथे मे महिन्यात जपानी शाळांच्या सहली येतात, गणवेशातली शेकडो मुलं. तीही माळा घेऊन आलेली. आमची मुलं त्यांच्या रांगेत उभी राहिली आणि सॅकमधून माळा काढताना एकदम गप्प झाली. आपण एकटेच काही वेगळं करतोय अशी जी भावना होती ती गेली, आणि मला वाटतं ते बरंच झालं.

संग्रहालयात तासभर लागेल असं धरलं होतं, पावणेतीन तास लागले. एक तीनचाकी सायकल आहे तिथे. चार वर्षंही पूर्ण न झालेला मुलगा ती चालवत होता. वडिलांनी ती त्याच्याबरोबरच अंगणात पुरली आणि ४० वर्षांनी, १९८५ साली, उकरून संग्रहालयाला दिली. त्या काचेपुढे आमचा एक दांडगा, रोज ढोलपथकात ढोल बडवणारा मुलगा इतका वेळ उभा होता, की मला वाटलं त्याला बरं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ताई, माझा भाचा साडेतीन वर्षांचा आहे."

परत येताना ट्राम पकडली. बाँब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, या शहरात ट्रामचा एक तुकडा पुन्हा सुरू झाला होता, आणि त्या दिवसातून वाचलेल्या ६५१ आणि ६५२ क्रमांकाच्या गाड्या अजून टिकून आहेत. आम्हाला त्या दिसल्या नाहीत, पण मुलं येणाऱ्या प्रत्येक ट्रामचा नंबर वाचत होती. त्या रात्री अंताक्षरी नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी मियाजिमा बेट (पाण्यातलं लाल तोरीइ, म्हणजे देवळाची कमान, हल्लीची १८७५ सालची; फेरीच्या तिकिटाबरोबर आता १०० येन प्रवासीकर द्यावा लागतो) आणि दुपारी शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) ओकायामा, जेमतेम पाऊण तास.

आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही याचा मी आठवडाभर विचार केला. ज्या मुलीबद्दल आहे तिला विचारून, तिची ओळख पटणार नाही असं लिहिते आहे.

ओकायामाला पोचल्यावर संध्याकाळी सगळे स्टेशनजवळच्या बाजारात निघाले. ती म्हणाली, "ताई, तू जा, माझा पाय दुखतोय." मी पायाला लावायचं मलम दिलं आणि गेले. रात्री परत आले तर ती खोलीत मेथीचा ठेपला आणि लोणचं खात बसलेली. मग मला आठवलं, की क्योतोतही दोनदा तिचा पाय दुखला होता, आणि नेमका जेवायच्या वेळी. मी शेजारी बसले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, पैसे संपलेत.

तिने उधळपट्टी केली नव्हती. घरच्यांनी भिशी उचलून तिला पाठवलं होतं, हातखर्चाला १५,००० येन दिले होते, आणि नीट वापरले तर ते पुरले असते. पण आमचा नियम होता, की गटाने जेवायला गेलं की बिल सगळ्यांत सारखं वाटायचं. हा नियम मीच केला होता, हिशेब सोपा व्हावा म्हणून. सहा जणांच्या गटात चौघांनी महागडं हॉटेल निवडलं, गोड मागवलं, दुसऱ्यांदा पेयं मागवली. तिने साधा भात आणि भाजी घेतली तरी वाट्याला तेवढेच पैसे. चार-पाच वेळा असं झालं. ती एकदाही बोलली नाही, कारण बोलायचं म्हणजे सगळ्यांसमोर 'मला परवडत नाही' म्हणायचं. मी दहा दिवस डोकी मोजत होते आणि मला हे दिसलं नाही. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

त्या रात्री सेन्सेईंनी सगळ्यांना हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये बोलावलं. कुणाचंच नाव न घेता सांगितलं, की उद्यापासून जेवण सामायिक पाकिटातून, पाकिटात ज्याला जमेल तेवढं प्रत्येकाने कागदी लिफाफ्यात घालून टाकायचं, लिफाफ्यावर नाव नको. घरी न्यायला प्रत्येकाला किबी-दांगोचा (तिथल्या गोड लाडवांचा) एक खोका, तोही पाकिटातून. भांडण झालं. अगदी खरं, आवाज चढलेलं भांडण. एक मुलगा म्हणाला, "माझे पैसे मी साठवलेत, ते मी कुणाला का देऊ?" दुसरी म्हणाली, हे आधी का नाही सांगितलं. साडेअकरा वाजले. लिफाफे आले, सगळे आले, पण दोघं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलली नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, या अशा मनःस्थितीत, आम्ही कोराकुएन बागेत गेलो.

पुणेकरांना वेगळं सांगायला नको, सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आणि ते या बागेवरून केलेलं आहे. आपलं १० एकरांचं, मूळ बाग साधारण ३३ एकरांची. इकेदा त्सुनामासा या तिथल्या सरदाराने १६८७ मध्ये काम सुरू केलं, १७०० मध्ये बाग पूर्ण झाली. कानाझावाची केनरोकुएन आणि मितोची काइराकुएन यांच्याबरोबर ही जपानमधल्या तीन श्रेष्ठ बागांत धरतात. मोठी हिरवळ, वळत जाणारं पाणी, तळ्यातली बेटं, आणि झाडांच्या वर नदीपलीकडे काळाकभिन्न ओकायामाचा किल्ला. किल्ला बागेचा नाही, तरी तो बागेचाच भाग दिसावा अशी रचना केली आहे. आत भातखाचर आहे, चहाचा मळा आहे, करकोचे पाळलेले आहेत. हिरोशिमात हजार कागदी करकोचे ठेवून आलेल्या मुलांना इथे खरे, लाल टोपीवाले करकोचे दिसले तेव्हा त्यांच्यातल्या दोघीतिघींचे डोळे भरले.

मला सगळ्यांत आवडलं ते 'र्यूतेन' नावाचं छोटं घर. चारही बाजूंनी उघडं, आणि घराच्या मधून पाण्याचा पाट वाहतो, पाटात रंगीत दगड. कडेला बसायचं आणि पाणी बघायचं, एवढंच. आमची बावीसच्या बावीस मुलं तिथे येऊन टेकली आणि अर्धा तास उठली नाहीत. आदल्या रात्री ज्यांची तोंडं दोन दिशांना होती ती एकाच पाण्याकडे बघत होती. मिटलं असं मी म्हणणार नाही.

तिथे एक आजी भेटल्या, बागेची माहिती सांगणाऱ्या स्वयंसेविका. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. आमच्या ढोलवाल्याने आपल्या एन-४ च्या जपानीत त्यांना सांगितलं, की आमच्या गावात या बागेसारखी बाग आहे. त्यांना खूप आनंद झाला. त्यांनी विचारलं, "तिथे कोण येतं? लोक काय करतात तिथे?" आणि तो थांबला. त्याला सांगता येईना, कारण तो धनकवडीत राहतो आणि त्या बागेत कधी गेलाच नव्हता. मी हात वर करायला सांगितलं. २२ पैकी ९ जण गेले होते, त्यातले चार जण लहानपणी, आजीआजोबांबरोबर.

त्याने आजींना सांगितलं, "घरी जाऊन बघतो आणि तुम्हाला पत्राने कळवतो." त्यांनी एका चिठ्ठीवर बागेचा पत्ता लिहून दिला.

बाराव्या दिवशी ओसाका. सकाळी तीन तास दोतोनबोरी हा बाजारभाग, गर्दी, फोटो, मग कान्साई विमानतळ. याहून जास्त त्या दिवसाबद्दल काही नाही. मुंबईहून एक्सप्रेसवेने येताना बस खालापूरला थांबली तेव्हा वडापाव खाताना कुणीच काही बोललं नाही, एवढी भूक होती.

लेख लांबला. फोटो नंतर टाकते. प्रश्न असतील तर विचारा.


शनिपार

फार मनापासून लिहिलंय. बिल सारखं वाटण्याबद्दल वाचून थांबलो. आमच्या ऑफिसच्या सहलीत हेच होतं आणि कुणी बोलत नाही. माझी पुतणी पुढच्या वर्षी कॉलेजच्या गटाबरोबर जाणार आहे. सामानाचं काय केलंत? बारा दिवसांत पाच गावं, एवढ्या बॅगा घेऊन रेल्वे कशी जमली?


मुठाकाठ

शनिपार, धन्यवाद. मोठ्या बॅगा आम्ही 'ताक्क्यूबिन'ने, म्हणजे तिथल्या कुरियरने पुढे पाठवल्या. हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म भरायचा, बॅग साधारण दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते. हिरोशिमाहून बॅगा थेट ओसाकाला पाठवल्या आणि ओकायामाला फक्त पाठीवरच्या सॅक घेऊन गेलो. आपल्या मुलांना सांगा, त्या एका रात्रीचे कपडे आणि औषधं सॅकमध्ये काढून ठेवायची, एकाने चष्म्याचं घर पाठवून दिलं होतं.

बॅग शिंकान्सेनमध्ये न्यायची असेल तर लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर गेल्यास मोठ्या सामानाची जागा असलेली सीट आधी आरक्षित करावी लागते. घरी टेप लावून मोजून बघा.

शेवटच्या दिवसासाठी आणखी एक. इकोका कार्ड (रेल्वेचं आधी पैसे भरायचं कार्ड) परत केलं की ५०० येन अनामत मिळते. कार्डात शिल्लक असेल तर त्यातून २२० येन कापतात, म्हणून आधी दुकानात शिल्लक संपवायची आणि मग परत करायचं. हे पश्चिम जपानच्या रेल्वेचं कार्ड आहे, तोक्योत परत घेत नाहीत. आमच्या २५ कार्डांचे मिळून १२,५०० येन परत आले, तेही सामायिक पाकिटात गेले आणि विमानतळावरचं जेवण त्यातच झालं. नाणी पुण्यात कुणी बदलून देत नाही, ती तिथेच खर्च करा.


वेताळटेकडी

लेख आवडला, पण दोन गोष्टी पटल्या नाहीत आणि त्या स्पष्ट लिहितो.

एक, मुलांना खरेदी करायची असेल तर त्यात वाईट काय? विशीतली मुलं पहिल्यांदा परदेशी जातात. घरच्यांसाठी, मित्रांसाठी चार वस्तू आणण्यातही माया असते. माझ्या बहिणीने १९९८ साली सिंगापूरहून आणलेलं घड्याळ आईच्या मनगटावर अजून आहे. ते मॉलमधूनच घेतलं होतं.

दोन, दहाव्या रात्री नियम बदलणं. ज्या मुलाने 'माझे पैसे मी साठवलेत' म्हटलं त्याचं चुकलं असं लेखातून वाटतं. मला नाही वाटत त्याचं चुकलं. त्याने ठरलेले नियम पाळले होते.


मुठाकाठ

वेताळटेकडी, दुसरा मुद्दा मान्य. त्याचं चुकलं असं मला सुचवायचं नव्हतं, तसं वाटत असेल तर माझ्या लिहिण्यात कमी राहिली. नियम चुकीचा होता आणि तो माझा होता. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी सेन्सेईंच्या बाजूने आहे. खरेदीला विरोध नाही, शेवटचे दोन सबंध दिवस तिला देण्याला आहे.


सासावाडी_ते_सासायामा

ओकायामात मी कंपनीच्या कामासाठी अडीच वर्षं राहिलो. कुणीतरी ओकायामाबद्दल मराठीत लिहिलं याचा इतका आनंद झालाय की काय सांगू.

थोडी भर. किल्ल्याला तिथले लोक 'उजो' म्हणतात, म्हणजे कावळ्याचा किल्ला, काळ्या रंगामुळे. उकिता हिदेइए याने १५९७ साली पूर्ण केला. २९ जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात मुख्य बुरूज जळाला, आज दिसतो तो १९६६ मध्ये पुन्हा बांधलेला. बागेलाही त्या हल्ल्यात मोठी झळ बसली, त्याआधी १९३४ च्या पुरानेही. पण एदो काळातली (१८६८ च्या आधीची, सरदारांच्या राजवटीतली) बागेची चित्रं जपलेली होती, त्यांवरून बाग पुन्हा उभी केली. म्हणजे हिरोशिमाहून ओकायामाला येताना तुमच्या मुलांनी एकाच उन्हाळ्यात जळलेली दोन शहरं पाहिली.

'कोराकुएन' हे नाव १८७१ चं. एका जुन्या चिनी वचनावरून आलंय, की राज्य करणाऱ्याने लोकांच्या आधी चिंता करावी आणि लोकांच्या नंतर सुख घ्यावं. 'को' म्हणजे नंतर, 'राकु' म्हणजे सुख. १८८४ मध्ये बाग प्रांताकडे आली आणि सगळ्यांना खुली झाली, तोवर ती सरदाराची खासगी होती.

वेळ असता तर कुराशिकीला जायला हवं होतं, ओकायामाहून गाडीने पंधरा-सतरा मिनिटं. पांढऱ्या भिंतींची जुनी गोदामं, मधून कालवा, आणि १९३० सालचं ओहारा संग्रहालय, पाश्चात्त्य चित्रांचं जपानमधलं पहिलं.


कैरीचं_पन्हं

माझी मुलगी शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. शेवटच्या दिवसांत खाऊ संपल्यावर काय खाल्लंत?


मुठाकाठ

कैरीचं पन्हं, हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे. 'निकु' म्हणजे मांस नको एवढं सांगून भागत नाही. तिथल्या सूपांत आणि रश्शांत 'दाशी' असतो, तो बहुधा वाळवलेल्या माशाच्या कीसाचा. मिसो सूप दिसायला शाकाहारी, असतं मात्र माशाचं. मुलीला हे वाक्य पाठ करून द्या : 'निकु मो साकाना मो तामागो मो ताबेमासेन', मांसही नाही, मासेही नाही, अंडीही खात नाही. आणि वर 'दाशी मो दामे देस', दाशीसुद्धा चालत नाही.

आमच्यातल्या सात शाकाहारी मुलांनी शेवटचे तीन दिवस साधा भात, मीठ लावलेलं सोयाबीन, फळं आणि ब्रेडवर काढले. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी खूप उपयोगी पडली, गरम भात कुठेही मिळतो. ठेपले पाचव्या दिवसापर्यंतच संपवा असं सगळे म्हणतात, आमचे दहाव्या दिवसापर्यंत टिकले, पण त्यात पाणी अजिबात नव्हतं, दह्या-तेलात मळले होते. बाकरवडीचे पुडे तर आजींनाही दिले.


अनुस्वार

मी या सहलीतल्या एका मुलाची आई. पालकसभेत 'ओकायामात काय आहे' विचारणाऱ्या तिघांतली एक मी.

तो परत आला तेव्हा बॅगेत त्याने काय आणलं हे मी विचारलं नाही, त्यानेच एक छोटा खोका काढून देवापुढे ठेवला. किबी-दांगो. मोमोतारो नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली, पीचमधून जन्मलेला मुलगा, जो वाटेत कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना हे लाडू वाटून दोस्त करतो आणि मग सगळे मिळून राक्षसांच्या बेटावर जातात. म्हणाला, आई, हे पाकिटातून घेतलंय, म्हणजे सगळ्यांनी मिळून. मला तेव्हा कळलं नव्हतं काय म्हणतोय. आज हा धागा वाचून कळलं.

ताई, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. आम्हा पालकांपैकीही कुणी विचारलं नव्हतं की सगळ्यांच्या खिशात सारखे पैसे आहेत का.


साडेसात_पर्वती

नमस्कार. या धाग्यासाठीच खातं उघडलंय. 'माझे पैसे मी साठवलेत' म्हणणारा मुलगा मीच.

मी दीड वर्ष संध्याकाळी शिकवण्या घेऊन हातखर्च साठवला. त्यातून मला बाबांसाठी कानाला लावायचं एक यंत्र घ्यायचं होतं, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. ओसाकाला बघू म्हणून पैसे राखून ठेवले होते. हे त्या रात्री मी हॉलमध्ये सांगितलं नाही, जसं तिनेही सांगितलं नव्हतं. मला वाटलं सगळे म्हणतील, बहाणा करतोय.

मी लिफाफ्यात २,००० येन टाकले. आता वाटतं जास्त टाकायला हवे होते, पण तेव्हा तेवढेच टाकले. यंत्र मिळालं नाही, तपासणीशिवाय देत नाहीत म्हणाले. बाबांना इथेच डॉक्टरांकडे नेलं.

तिच्याशी माझं बोलणं झालंय. ताई, हे तुला माहीत नव्हतं म्हणून लिहिलं.


मुठाकाठ

अरे, हे मला खरंच माहीत नव्हतं. तू लिहिलंस ते फार बरं केलंस. शिकवणीला अजून जातोयस ना? बाबांना नमस्कार सांग. तुला फोन करते.


वेताळटेकडी

साडेसात_पर्वती, शाबास. मुठाकाठ, मी वर जे लिहिलं होतं त्याला आता मी काहीच जोडत नाही. पुढच्या वर्षी सहल निघायच्या आधीच जेवणाचं पाकीट वेगळं काढा आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा, एवढंच.


मुठाकाठ

हो, ठरलंच आहे. जेवण सहलीच्या फीमध्येच धरायचं, हातखर्चावर एक वरची मर्यादा, आणि कुणाला मर्यादेइतकेही आणणं जमत नसेल तर ते फक्त सेन्सेईंना कळेल.

आणि येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पु. ल. देशपांडे उद्यानाच्या गेटवर जमतोय. इथल्या कुणाला यायचं असेल तर या.


विठ्ठलवाडी_पहाट

मी या बागेत गेली अकरा वर्षं रोज सकाळी चालायला येतो. पलीकडे पर्वती दिसते, ती बागेचाच भाग वाटते, हे मला रोज जाणवायचं, पण ते मुद्दाम तसं बघायचं असतं हे आज कळलं. रविवारी मी येतो. पुलाजवळच्या दगडापाशी आम्हा म्हाताऱ्यांचा कट्टा आहे, मुलांना तिथे घेऊन या.


मुठाकाठ

रविवार झाला. १४ मुलं आली. काही परीक्षेच्या अभ्यासात, एकजण गावाला.

विठ्ठलवाडीच्या काकांनी बाग दाखवली. कुठल्या झाडावर कोणता पक्षी येतो, तळ्यातले मासे कुठल्या वेळी कडेला येतात, कुणाकुणाची लग्नं इथे बघूनसवरून ठरली, सगळं. आमचा ढोलवाला वही घेऊन आला होता, काका बोलत होते आणि तो लिहून घेत होता. शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत पोरं अभ्यासाला येतात, नवी लग्न झालेली जोडपी येतात, सुना सासवांना व्हीलचेअरवरून आणतात. र्यूतेनसारखं घर नाही आपल्याकडे, पण पाण्याच्या कडेला मुलं पुन्हा तशीच टेकली. ती मुलगीही आली होती. पाय दुखत नाहीये म्हणाली, स्वतःहून.

आता पत्र लिहायचं चाललंय. तो एका शब्दाला अडलाय. काकांचा कट्टा म्हणजे परिसरातला ज्येष्ठ नागरिक संघच आहे, त्याला जपानीत काय म्हणायचं? शब्दकोशात मिळतंय ते फार सरकारी वाटतंय. सासावाडी, मदत करा.


सासावाडी_ते_सासायामा

'रोजिन कुराबु' लिही. तिथे गावोगावी असतात, आजींना लगेच कळेल. आणि कट्ट्यावर चहा कोण आणतं तेही लिही, त्यांना ते नक्की आवडेल.


विठ्ठलवाडी_पहाट

चहा मंगळवारी आणि शुक्रवारी मी नेतो, थर्मासमधून. बाकीचे दिवस वाटून घेतलेत. बिनसाखरेचा असतो असंही लिहा.